नव्या वर्षाचं ध्येय: आमच्या गच्चीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात शाहूपुरीतल्या आमच्या गच्चीवर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दहा-बारा माणसं जमतात. शेजारी, ह्यांचे मित्र, माझ्या ऑफिसातल्या दोघी, त्यांच्या नणंदा-जावा. प्रत्येकाच्या हातात शंभर पानी वही आणि मध्ये परातभर भडंग. पुढच्या वर्षी काय करायचं ते लिहायचं आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचा हिशेब द्यायचा, एवढाच कार्यक्रम. हे सातवं वर्ष. मी कुणी समुपदेशक नाही. पोवई नाक्याजवळच्या एका ऑफिसात लोकांची खाती लिहिते, त्यामुळे उत्तरांना जमाखर्चाचा वास येणारच. डिसेंबर लागला की फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून यंदा एकदाच लिहून काढले.

ध्येय आणि संकल्प यांत फरक काय?

पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प कसा सांगतात ते आठवा. आधी ठिकाण: गोदावरीचा दक्षिण तीर. मग काळ: शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. मग तुमचं गोत्र आणि नाव. त्यानंतर आज काय करणार ते. आणि हे सगळं वदवून घेतल्यावर शेवटी म्हणतात, "सोडा पाणी."

कुठे, केव्हा, कोण, काय, एवढं तोंडाने म्हटल्याशिवाय पळीतलं पाणी ताम्हनात पडत नाही. एकतीस डिसेंबरच्या रात्री आपण यातलं फक्त 'काय' म्हणतो. आणि पाणी सोडायचं तर विसरूनच जातो. मराठीत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडणं. म्हणून गच्चीवर आम्ही वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे काय करणार. उजवीकडे, त्यासाठी कशावर पाणी सोडणार. उजवा रकाना कोरा असेल तर डावा वाचून दाखवायचा नाही, हा एकच नियम आहे आणि तो कडक आहे. ध्येय म्हणा, संकल्प म्हणा, नावावरून आम्ही भांडत नाही.

वर्षाला किती ध्येयं ठेवावीत?

एक. फार तर दोन, त्यातलं दुसरं लहान.

गच्चीची सुरुवात झाली त्याच्या आधीच्या वर्षी मी नऊ लिहिली होती. वजन, इंग्रजी, वाचन, योगासनं, घरातलं प्लॅस्टिक बंद, पेटी शिकणं, आईला महिन्यातून दोनदा भेटणं, साखर सोडणं आणि 'राग कमी'. तो कागद मला जुलैत सापडला, कुकरच्या वॉरंटी कार्डाच्या घडीत. कुकरची वॉरंटी तेवढी शिल्लक होती. त्या जानेवारीत एका जिमचे वर्षाचे पैसेही एकरकमी भरले होते. सतरा दिवस गेले. यात जिमवाल्याचा काही दोष नाही. सकाळी सातला तिथे जायचं म्हणजे सातला घरात जे चालतं ते कुणीतरी दुसऱ्याने करायचं, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

सुरुवात १ जानेवारीलाच केली पाहिजे का?

नाही, पण कुठल्या तरी पाटीपूजनाचा उपयोग होतो. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रिस या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात, वाढदिवस अशा खुणांच्या आसपास माणसं व्यायामशाळेकडे जास्त वळतात. नवं पान उलटल्यासारखं वाटतं, जुन्या चुका मागल्या पानावर राहतात. आपल्याकडे तर अशी पानं वर्षभर पडलेली आहेत: गुढीपाडवा, दिवाळीचा पाडवा, शाळा उघडायचा जून, १ एप्रिल.

तुमचं वर्ष खरं कुठे सुरू होतं ते बघा. मार्चअखेरच्या गडबडीत मला गुढीला साखरेची माळ घालायची आठवण राहिली तरी खूप. माझ्या पाडव्याच्या संकल्पाला काय किंमत असणार? माझं वर्ष दिवाळीनंतर मोकळं होतं. ऊसतोडीच्या हंगामात ज्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही त्यांनी जानेवारीच्या नादी लागू नये. शिक्षकांनी मे महिन्यात ठरवावं.

माझं ध्येय खरंच माझं आहे की लोकांचं बघून घेतलेलं, हे कसं ओळखायचं?

मागच्या वर्षाचं बँक स्टेटमेंट काढा. मी गंमत करत नाही.

गच्चीवरच्या एका भावजींनी पहिल्या वर्षी 'वाचन हा माझा प्राण आहे, यंदा चोवीस पुस्तकं' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, मोबाइलवर वर्षभराचे व्यवहार बघा. पुस्तकांवर ३४० रुपये गेले होते, तेही पुतण्याच्या मुंजीत अहेर म्हणून. नगर वाचनालयाची वर्गणी थकलेली. पण महिन्यातून दोन-तीनदा कास रोडला, बामणोलीला, ठोसेघरला पेट्रोल टाकलेलं दिसत होतं. माणूस चक्क डोंगरात रमणारा होता आणि स्वतःला वाचक समजत होता. त्यांनी ध्येय बदललं: सातारा जिल्ह्यातले किल्ले, महिन्याला एक. अजिंक्यतारा, सज्जनगड, वैराटगड, कल्याणगड, चंदन-वंदन असे जवळचे आधी. त्यांची बायको म्हणाली, "हे तर तसंही करताच." पण आधी नुसतं भटकणं होतं. आता वही घेऊन जातात, पाण्याची टाकी कुठे, वाट कुठून, बुरूज किती शाबूत, लिहून आणतात.

पैसा आणि कॅलेंडर खोटं बोलत नाहीत. जिथे पैसा आणि रविवार आपसूक जातो तिथे तुमचं काहीतरी असतं. जिथे एकदाही गेला नाही ते बहुतेक शेजाऱ्याचं असतं. याला एक अपवाद आहे: ज्याच्यासाठी पैसा किंवा रविवार तुमच्या हातात कधी आलाच नाही, ते. घरातल्या बायकांच्या बाबतीत हा अपवादच फार मोठा आहे. त्याबद्दल पुढे.

स्मार्ट पद्धतीने ध्येय लिहावं का?

म्हणजे नेमकं, मोजता येईल असं, आवाक्यातलं, मुदतीचं वगैरे; इंग्रजी आद्याक्षरं जोडून 'स्मार्ट'. जॉर्ज डोरन नावाच्या अमेरिकन माणसाने १९८१ साली व्यवस्थापकांसाठी ही युक्ती मांडली. कंपनीसाठी उत्तम आहे. कंपनीत कुणी रात्रीचा स्वयंपाक सोडून ध्येय गाठत नाही, त्यामुळे या युक्तीत उजवा रकाना नाही. डावा रकाना लिहायला खुशाल वापरा.

'आठ किलो वजन कमी' असं आकड्यात लिहिलं तर त्यात चूक काय?

चूक नाही. पण तो आकडा तुमच्या एकट्याच्या हातात नाही. थायरॉइडच्या हातात आहे, घरातल्या लग्नसराईच्या हातात आहे.

शेजारच्या सांगलीचा संकेत सरगर आठवतोय? पानटपरी आणि चहाचा गाडा चालवणाऱ्या घरातला मुलगा. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात त्याने स्नॅचला ११३ आणि क्लीन अँड जर्कला १३५, मिळून २४८ किलो उचलले. मग १३९ चा प्रयत्न करताना कोपर दुखावलं. तशाच हाताने तो तिसऱ्या प्रयत्नाला आला, तोही साधला नाही. मलेशियाच्या स्पर्धकाचे २४९ झाले. एका किलोने सुवर्ण गेलं, रौप्य आलं. आता 'सुवर्णपदक' एवढंच त्याने वहीत लिहिलं असतं तर त्या पानावर फुली मारायची? रोजचा सराव डाव्या रकान्यात असेल, तर फुली कुठेच पडत नाही.

म्हणून आम्ही निकाल लिहितो, पण पानाच्या वरच्या बाजूला, बारीक अक्षरात. रकान्यात मात्र आपल्या हाताने करायची गोष्ट. 'आठ किलो' वर राहू दे. खाली 'रात्रीचं जेवण साडेसातला, आठवड्यातले पाच दिवस' आणि 'सोमवार-बुधवार-शुक्रवार चार भिंतींपर्यंत (साताऱ्यातलं टेकडीवरचं स्मारक) चालत'. हिशेब फक्त खालच्याचा द्यायचा.

एमपीएससी करणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांना हे मी हात जोडून सांगते. 'यंदा पोस्ट काढायचीच' हे ध्येय नाही, तो नवस आहे. जागा किती निघतील, परीक्षा कधी होईल, पद्धत काय राहील, यातलं काहीही पोरांच्या हातात नसतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा वर्षानुवर्षं पर्यायांना गोल करणाऱ्यांना पानंच्या पानं लिहायचा सराव नव्याने करावा लागला. रोज दोन उत्तरं हाताने लिहून कुणाकडून तरी तपासून घेणं, हे ध्येय.

मला वेळच मिळत नाही. मग?

हा प्रश्न दहातल्या नऊ वेळा बाई विचारते, आणि तिला "सकाळी एक तास लवकर उठा" असं सांगणारा दहातल्या नऊ वेळा पुरुष असतो. पाचला उठून ती आधीच पाणी भरतेय, हे त्याला माहीत नसतं.

आमच्यातल्या एका वहिनींना चारचाकी शिकायची होती. लायसन्स काढून सहा वर्षं झाली होती, गाडी दारात उभी, हात लावायची सोय नाही. डाव्या रकान्यात लिहिलं: संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, आठवड्यातून चार दिवस, गोडोली ते एमआयडीसी आणि परत. उजव्या रकान्याशी येऊन पेन थांबलं. त्या वेळेला रोज पोळ्या व्हायच्या, पाच माणसांच्या, बावीस पोळ्या. बावीस हा आकडा त्यांनीच त्या दिवशी पहिल्यांदा मोजला.

मग लिहिलं: 'चार दिवस पोळ्यांवर पाणी'. पोळ्यावाल्या मावशी लावल्या. ते पैसे कुठून काढायचे, तर घरात दर शनिवारी बाहेरून जेवण यायचं ते महिन्यातून एकदाच आणायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "मावशींच्या पोळीला पदर सुटत नाही." खरंच सुटत नाही. दोन महिने घरात रोज पोळीवर चर्चा झाली. मे महिन्यात वहिनींनी त्याच सासूबाईंना गाडीत बसवून खंबाटकी घाट ओलांडून खंडाळ्याला त्यांच्या माहेरी नेलं. पोळीवर अजूनही बोलणं होतंच.

हा किस्सा मी मुद्दाम लांबवला. खात्यात एका बाजूला जमा झालं की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडतंच. आपण म्हणतो 'मी वेळ काढला'. खरं तर तो वेळ बऱ्याचदा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून वळता झालेला असतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तोवर लाल मातीत खेळलेले, मॅटची सवय नाही. चार वर्षांनी, १९५२ ला, हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. पण हेलसिंकीला जायचे पैसे कुठे होते? लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदकाच्या उजव्या रकान्यात दुसऱ्याचं घर होतं.

तुमच्या ध्येयाच्या उजव्या रकान्यात कुणाचं काय आहे, ते त्या माणसाला आधी विचारा. बहुतेक वेळा तो हो म्हणतो. न विचारता घेतलं की फेब्रुवारीत भांडण होतं.

ठरवलेलं ऐन वेळी आठवतच नाही, त्यावर उपाय?

जर-तर लिहा. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. 'मी जास्त चालेन' यापेक्षा 'जर संध्याकाळी ऑफिसातून निघाले, तर राजवाड्यापर्यंत चालत जाऊन तिथून रिक्षा' अशी बांधणी केली की ती वेळ आणि ती जागाच आठवण करून देते. गुरुजींचा देश-काळ तो हाच. माझं स्वतःचं: 'जर गॅसवर दुसरा चहा ठेवला, तर साखरेच्या डब्याला हात लावायचा नाही.' पहिल्या चहात साखर घालते. माणूस आहे मी.

एकवीस दिवसांत सवय लागते का?

एकवीस हा आकडा आला कुठून, तर १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'निदान' गळाला आणि चेहराही गळाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे नजर ठेवली. जेवताना पाणी पिणं, थोडं पळणं अशी एकेक सवय प्रत्येकाने निवडली होती. गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा आला ६६ दिवस. कुणाला १८ लागले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे जानेवारीत सुरू केलं तर पाणी प्यायची सवय होळीपर्यंत लागेल, पळायची कदाचित गणपतीपर्यंत. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मग खाडा पडला तर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी जायचं. 'कालचं आज भरून काढते' म्हणून दुप्पट करायचं नाही. दुधाचा रतीब चुकला तर दुसऱ्या दिवशी आपण दुप्पट दूध पितो का?

ध्येय लिहून ठेवल्याने खरंच फरक पडतो का? येल विद्यापीठातला तो अभ्यास...

तो अभ्यास झालेलाच नाही. '१९५३ च्या वर्गातल्या ज्या ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती त्यांची संपत्ती वीस वर्षांनी बाकीच्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त निघाली' ही गोष्ट प्रत्येक प्रेरणादायी भाषणात ऐकू येते. कधी येलच्या जागी हार्वर्ड असतं. शोध घेणाऱ्यांनी येलमध्ये विचारलं, तर असा अभ्यास झाल्याची कसलीही नोंद नाही.

तरीही लिहावं. लिहिण्यात जादू आहे म्हणून नाही. महिन्याभरात आपली स्मरणशक्ती आपल्या सोयीने पुन्हा हिशेब मांडते. 'मी म्हटलं होतं जमेल तसं चालेन', असं फेब्रुवारीत प्रत्येकाला प्रामाणिकपणे आठवतं. वहीत आठवड्यातून तीनदा असं लिहिलेलं असतं.

आपलं ध्येय लोकांना सांगावं की मनात ठेवावं?

स्टेटसला टाकू नये. पंचावन्न अंगठे आले की काम झाल्यासारखंच वाटतं.

पण पाच-दहा माणसांना सांगावं, आणि ती वाट बघणारी असावीत. भिशीचा हप्ता कुणी चुकवतं का? घरात एलआयसीचा चुकेल, विजेचं बिल थकेल, भिशीचे पैसे पाच तारखेला पोहोचतात. कारण अकरा जणी चिठ्ठी उचलायला बसलेल्या असतात आणि त्या आपल्याला ओळखतात. गच्ची म्हणजे तीच भिशी, पैशाच्या जागी हिशेब. महिन्याच्या पहिल्या रविवारी वही उघडून फक्त आकडा सांगायचा: बारापैकी नऊ. कारणं सांगायची नाहीत आणि कुणी कौतुकही करायचं नाही. एकदा एक काका बारापैकी शून्य सांगून भडंगाची दुसरी वाटी घेऊन शांतपणे खात बसले होते. पुढच्या महिन्यात त्यांचे सात होते.

पैशाचं ध्येय कसं लिहावं?

हा माझा प्रांत, म्हणून जरा आखडतं घेते, नाहीतर थांबायची नाही.

'यंदा बचत करायची' हे वाक्य मी गेली चोवीस वर्षं ऐकतेय. महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू म्हणणाऱ्याचं कधी काही उरत नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळतं होईल असं करा. पोस्टात आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून होते, मुदत पाच वर्षं. पीपीएफमध्ये वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले तरच त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळतं. ६ तारखेला भरणारे माझ्याकडे इतके येतात की दरवाजावर पाटी लावावी वाटते.

क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा सोनं गहाण असेल तर बचतीचं ध्येय लिहूच नका. आधी ते. घरातला दागिना सोडवून आणणं यासारखं स्वच्छ ध्येय दुसरं नाही: आकडा ठरलेला, तारीख ठरलेली, आणि उजवा रकाना सगळ्या घराला पाठ.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन यंदा पळायचीच आहे. जमेल?

२०१२ पासून पावसाळ्यात होते ही स्पर्धा. २१ किलोमीटर. सपाटीवरच्या हाफ मॅरेथॉनचा अनुभव इथे पुरत नाही, कारण जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून यायचं. चढ फुप्फुसं काढतो, उतार गुडघे. जानेवारीत काहीच पळत नसाल तर आधी दोन महिने नुसतं भरभर चाला, मग चालणं-पळणं मिसळा, आठवड्याचं एकूण अंतर हळूहळू वाढवा. चाळिशीच्या पुढे असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि नोंदणी कितीतरी महिने आधी होते, ऑगस्टमध्ये बूट घेऊन उपयोग नाही.

मी पळाले नाही. दरवर्षी रस्त्याकडेला उभी राहून टाळ्या वाजवते. भिजून चिंब, धुक्यातून खाली येणाऱ्या माणसांचे चेहरे एकदा बघा, मग ठरवा.

ज्या गोष्टीला वर्षाहून जास्त वेळ लागतो तिचं काय?

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो दीड वर्षाच्या आसपास तुटतो. डिसेंबरात कमरेएवढ्या उसाकडे बघून कुणी 'वर्ष वाया गेलं' म्हणत नाही. त्या वेळेला बांधणी झाली का, खत पडलं का, तेवढंच विचारतात. मोठ्या ध्येयाचं यंदाच्या वर्षातलं काम कोणतं, ते एकच लिहा.

ठरवलेलं मध्येच सोडलं तर चालतं का?

चालतं, पण जुलैच्या बैठकीत आणि मोठ्याने. त्या रविवारी आम्ही एकच विचारतो: हे मोडलंय की तुम्ही सोडताय? मोडलं असेल तर जर-तर बदलून बघायचं. सोडायचं असेल तर वहीत तारीख घालून, सही करून सोडायचं. खात्यातली नोंद खोडत नाहीत, उलटी नोंद करतात.

माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं पहिल्या आल्या. जे जमतंय तेच धरून बसल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्या ४२ किलोमीटर सोडून ३,००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळल्या. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत होत्या. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला.

आता हे उदाहरण देऊन 'मी जिम सोडून स्टीपलचेसकडे वळतोय' असं कुणी म्हणू नये. एकाने म्हटलं होतं.

कुठलं ॲप वापरावं?

भिंतीवरचं कालनिर्णय. ज्या चौकटीत तुम्ही दुधाचा अर्धा लिटर लिहिता, सिलिंडर लावल्याची तारीख लिहिता, तिथेच एक खूण. मी चार भिंतींवर गेले की 'चा' लिहिते. ह्यांना वाटायचं मी चहाचा हिशेब ठेवतेय.

मुलांनाही ध्येय लिहायला लावावं का?

नाही. तुमचं पान त्यांना दिसेल असं उघडं ठेवा. उजव्या रकान्यात मोबाइल असेल तर ती जास्त लक्ष ठेवतात.

माझं वय ६८. या वयात वर्षाचं ध्येय वगैरे काय ठरवायचं?

गच्चीवरचे सगळ्यात मोठे सदस्य एकाहत्तरचे आहेत, जलसंपदा खात्यातून निवृत्त. पहिली दोन वर्षं ते नुसतं भडंग खायला यायचे. तिसऱ्या वर्षी लिहिलं: 'मोडी शिकणे.' घरात आजोबांच्या वेळची पत्र्याची ट्रंक, तिच्यात फडक्यात गुंडाळलेले कागद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही खरेदीखतं, गहाणखतं, पावत्या मोडीत लिहीत. घरात वाचता येणारं कुणी राहिलं नव्हतं, आणि कागद टाकून द्यायचं धाडसही कुणाला नव्हतं. उजव्या रकान्यात त्यांनी दुपारची झोप लिहिली. आम्ही हसलो. त्यांची दुपारची झोप गल्लीत प्रसिद्ध होती.

मोडीत हात न उचलता लिहितात, अक्षरं एकमेकांत गुंततात, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. आधी तीन महिने नुसती बाराखडी गिरवली. छापील नमुने वाचता यायला लागले, पण ट्रंकेतला कागद समोर घेतला की पुन्हा मुंग्याच. ऑक्टोबरच्या बैठकीला ते वहीऐवजी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून एक कागद घेऊन आले. कडा खाल्लेल्या, शाई तपकिरी. बोट न टेकवता, वरच्या वर फिरवत वाचून दाखवला. कागद अर्ध्या मिनिटात संपला. जमिनीचं काही असेल, वतनाचं असेल म्हणून आम्ही सगळे वाकून बसलो होतो. आजोबांनी एका व्यापाऱ्याकडून म्हशीसाठी चौदा रुपये उसने घेतल्याची चिठ्ठी निघाली.

पैसे फेडले की नाही ते त्या कागदात नाही. ट्रंकेत अजून तीसेक कागद आहेत, आणि काका यंदाही दुपारी झोपणार नाहीत.